वाचकांचे प्रश्न : उड्डाणापूर्वी हवामानाचे नकाशे कसे पाहावेत?

जळगाव, धुळे आणि शिरपूर या तिन्ही ठिकाणी विमान चालवण्याचे प्रशिक्षण मिळू लागल्यापासून खानदेशातून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. पूर्वी परवान्याला खर्च किती येतो, चष्मा असेल तर चालते का, असे प्रश्न असत; आता प्रत्यक्ष उडणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या शंका येतात. या वेळी निवडलेली पत्रे एकाच विषयाची आहेत : मोबाइलवर आणि संगणकावर दिसणारी हवामानाची रंगीत चित्रे लहान विमानाच्या वैमानिकाने कशी वाचावीत आणि त्यांवर किती विसंबावे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. फक्त गाव दिले आहे.

प्रश्न (जळगाव) : माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना असून सुटीच्या दिवशी मी दोन आसनी विमान घेऊन उडतो. निघण्यापूर्वी मी मोबाइलवर विंडी हे हवामानाचे ॲप उघडतो. त्यात वारा, ढग, पाऊस सारे एका नजरेत दिसते. माझे जुने प्रशिक्षक मात्र अजूनही आधी मेटार आणि टाफ (विमानतळाच्या हवामानाची नोंद आणि त्याच विमानतळाचा अंदाज) वाचा असे बजावतात. त्या सांकेतिक ओळी टेलिप्रिंटरच्या काळासाठी ठीक होत्या. नकाशा समोर असताना आज त्यांची गरज काय?

उत्तर : टेलिप्रिंटरबद्दल आपले म्हणणे खरे आहे. त्या ओळी इतक्या आखूड आहेत त्या तारेवरची जागा वाचावी म्हणूनच, आणि आज नव्याने कोणी पद्धत बसवली तर ती तशी नक्कीच बसवणार नाही. परंतु मेटार आणि विंडी या एकाच माहितीच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या आहेत, असे जे आपण गृहीत धरले आहे, ते बरोबर नाही. मेटार हे निरीक्षण आहे : अमुक विमानतळावर, अमुक वेळी, उपकरणाने किंवा निरीक्षकाने प्रत्यक्ष नोंदवलेला वारा, दृश्यमानता, ढगाचा तळ, तापमान, दवबिंदू आणि हवेचा दाब. विंडीच्या मुख्य पडद्यावर जे दिसते ते गणित आहे. युरोपीय केंद्राचे प्रारूप (म्हणजे संगणकावरचे हवामानाचे मॉडेल), अमेरिकेचे जीएफएस, जर्मनीचे आयकॉन अशा प्रारूपांनी काढलेला अंदाज तिथे रंगवलेला असतो, आणि 'आत्ता' म्हणून दाखवलेला वारादेखील काही तासांपूर्वी सुरू झालेल्या गणितातून आलेला असतो. ही प्रारूपे जागतिक प्रमाणवेळेच्या ००, ०६, १२ आणि १८ वाजता सुरू होतात आणि त्यांचे निकाल हाती यायला कित्येक तास लागतात. त्यामुळे सकाळी नऊ वाजता आपण जो नकाशा पाहता त्याचा पाया बहुधा आदल्या रात्रीच्या निरीक्षणांचा असतो.

पडद्यावर वाहणाऱ्या त्या पांढऱ्या रेषांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. त्या हलतात म्हणून हवा हलताना दिसते आहे असे वाटते, परंतु त्या एकाच क्षणाच्या गणिती वाऱ्याची दिशा आणि वेग डोळ्यांना कळावा म्हणून हलवलेल्या असतात. पुढच्या तासाचा वारा पाहायचा तर खालची वेळेची पट्टीच सरकवावी लागते.

आता प्रशिक्षकांच्या आग्रहाचे कारण पाहा. समजा, नकाशा पश्चिमेकडून ८ नॉट वारा दाखवतो आणि मेटारमध्ये २४० अंशांवरून १२ नॉट, झोत २४ नॉट अशी नोंद आहे. उतरायचे की नाही हे अर्थातच मेटारवरून ठरेल. पण त्याहून महत्त्वाचे असे की, ज्या प्रारूपाला आत्ताचा वारा साधला नाही, त्याचा दोन तासांनंतरचा वारा तरी का खरा मानावा? मेटारचा सर्वांत चांगला उपयोग मला हाच वाटतो : तो नकाशाची परीक्षा घेतो. मार्गाच्या आजूबाजूचे दोन-तीन मेटार नकाशाशी जुळत असतील, तर मधल्या मोकळ्या जागेत नकाशावर काही प्रमाणात भरवसा ठेवता येतो; जुळत नसतील तर तो नकाशा त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा.

खानदेशात ही परीक्षा अधिक गरजेची आहे. तापीचे खोरे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम पसरलेले आहे आणि खालचा वारा पुष्कळदा या रांगांच्या दिशेने वळतो. युरोपीय प्रारूपाच्या जाळ्यातील एक चौकट साधारण ९ किलोमीटरची असते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २६ मे २०२५ रोजी वापरात आणलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'ची चौकट ६ किलोमीटरची आहे, ही मोठी सुधारणा आहे. तरीही एखादी खिंड, घाटाचा कडा किंवा धरणाचा फुगवटा एका चौकटीत मावून जातो आणि प्रारूपाला त्याची फक्त सरासरी उंची माहीत असते. रंग सलग दिसतात, कारण दोन बिंदूंमधली जागा संगणक भरून काढतो.

टाफमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी रंगीत नकाशात उरत नाही, आणि ती म्हणजे अंदाज देणाऱ्याची शंका. 'टेम्पो' म्हणजे थोड्या थोड्या वेळापुरता बदल, 'प्रॉब ३०' म्हणजे शंभरात तीस इतकी शक्यता. नकाशा मात्र दुपारी तीनला इथे ढग आहे किंवा नाही, एवढेच ठामपणे दाखवतो. ही उणीव अंशतः भरून काढायची असेल तर विंडीवरच प्रारूपे बदलून पाहावीत. तिन्ही प्रारूपे एकसारखे सांगत असतील तर ठीक. एक पाऊस दाखवते आणि दुसरे कोरडे आभाळ, असे असेल तर त्या मतभेदालाच माहिती समजावे.

वेळेबद्दल थोडक्यात : मेटार, टाफ आणि उपग्रहाच्या चित्रावरील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तर विंडी आपल्या मोबाइलची वेळ दाखवते. ०३३० म्हणजे आपले सकाळचे नऊ. चार तारखेचे २००० म्हणजे आपल्याकडे पाच तारखेची मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. नवशिके वैमानिक तास बरोबर मोजतात आणि तारखेला चुकतात.

प्रश्न (शिरपूर) : मी प्रशिक्षणार्थी आहे. मे महिन्यात दोनदा असे झाले की हवामान विभागाच्या संकेतस्थळावरील रडारच्या चित्रात आमच्या भागावर एकही ठिपका नव्हता, आणि दुपारी मात्र सातपुड्याच्या बाजूने गडगडाट सुरू झाला. रडार बिघडलेले असते का?

उत्तर : बिघडलेले असण्याचे कारण नाही. रडार आपल्यापासून किती दूर आहे, हा खरा मुद्दा आहे आणि चित्र पाहणाऱ्याला तो कोणी आवर्जून सांगत नाही.

रडारचा झोत जमिनीला समांतर जात नाही. सर्वांत खालचा झोतसुद्धा क्षितिजापासून साधारण अर्धा अंश वर रोखलेला असतो, आणि पृथ्वीचा पृष्ठभाग खाली वाकत जातो. त्यामुळे जितके दूर जावे तितका झोत जमिनीपासून उंच होत जातो. हवेतील नेहमीचे वक्रीभवन धरून हिशेब केला तर २५० किलोमीटरवर हा झोत सुमारे ६ किलोमीटर उंचीवर असतो आणि ३०० किलोमीटरवर जवळजवळ ८ किलोमीटरवर, म्हणजे २६,००० फुटांच्या आसपास. आता नकाशावर मोजून पाहा. मुंबईपासून धुळे हवाई अंतराने सुमारे ३०० किलोमीटर आहे. भोपाळपासून जळगाव त्याहून थोडे अधिक. नागपूरपासून जळगाव साडेतीनशेच्या पुढे. यांपैकी कोणत्याही रडारच्या चित्रात खानदेश हा अगदी कडेचा किंवा कडेबाहेरचा भाग आहे. जो ढग अजून २०,००० फुटांपर्यंतच वाढला आहे आणि पाऊस पाडण्याच्या बेतात आहे, त्याच्या डोक्यावरून तो झोत निघून जातो. ढग पूर्ण वाढून त्याचा माथा वर पोहोचला की मग चित्रात ठिपका उमटतो, आणि तोपर्यंत आपल्या धावपट्टीवर धूळ उडायला लागलेली असते.

म्हणून रडारचे चित्र उघडल्यावर पहिले काम हे की, ते कोणत्या रडारचे आहे आणि आपण त्याच्या केंद्रापासून कितव्या वर्तुळात आहोत, हे पाहणे. ही वर्तुळे चित्रावरच काढलेली असतात. चित्रातील मोकळ्या जागेचे दोन अर्थ होतात : तिथे पाऊस नाही, किंवा तिथले रडारला दिसत नाही. खानदेशात बहुतेक वेळा दुसरा अर्थ धरून चालणे शहाणपणाचे आहे. उद्या आपल्या जवळ नवे रडार बसले तर हा हिशेब बदलेल. तो करण्याची पद्धत मात्र हीच राहील.

रडार आपल्या आवाक्यात असेल, उदाहरणार्थ आपण क्रॉसकंट्रीसाठी, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या लांब उड्डाणासाठी, मुंबईच्या दिशेने निघाला असाल, तर हवामान विभागाचे 'मॅक्स झेड' नावाचे चित्र नीट पाहायला शिकावे. मधल्या चौकोनात प्रत्येक ठिकाणच्या संपूर्ण उंचीतील सर्वांत तीव्र प्रतिध्वनी दाखवलेला असतो. वरच्या आणि उजव्या बाजूला दोन अरुंद पट्ट्या असतात. पुष्कळ जण त्या पट्ट्यांना चौकटीची नक्षी समजून सोडून देतात. वास्तविक त्यांत त्याच ढगांचे उभे चित्र असते, म्हणजे कोणता ढग किती किलोमीटर उंच गेला आहे ते. मधल्या चौकोनात सारखेच पिवळे दिसणारे दोन ठिपके या पट्टीत वेगळे होतात : एक पाच किलोमीटरवर थांबलेला, दुसरा बारा किलोमीटरपर्यंत गेलेला. दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

चित्राच्या वयाबद्दल अमेरिकेतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथे विमानातल्या पडद्यावर रडारचे एकत्रित चित्र मिळते आणि त्यावर ते किती मिनिटांपूर्वीचे आहे तेही लिहिलेले असते. २०१२ मध्ये तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांना सावध केले की, प्रत्यक्ष माहिती त्या लिहिलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटांनी अधिक जुनी असू शकते, कारण ती वेळ चित्र जोडून तयार झाल्याची असते, रडारने आभाळ पाहिल्याची नसते. ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकणारे वादळ २० मिनिटांत १३ किलोमीटर पुढे जाते. अशा चित्रावर दोन वादळांमधली फट शोधून तिच्यातून जायचा विचारसुद्धा करू नये. तीव्र वादळापासून किमान २० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, दूर राहावे हा अमेरिकेत वैमानिकांना दिला जाणारा सल्ला आपल्याकडेही तितकाच लागू आहे.

रडार दूर असताना दुसरा आधार विजांच्या नोंदींचा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप शेतकऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहे, आणि तळावरच्या वैमानिकालाही ते उपयोगी आहे. आपल्या परिसरात नुकत्याच पडलेल्या विजा ते दाखवते. वीज दिसली म्हणजे गडगडाटी ढग आहे, एवढे निश्चित. वीज दिसली नाही म्हणजे ढग वाढत नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

प्रश्न (धुळे) : पावसाळ्यात धुळ्याहून छत्रपती संभाजीनगरला जायचे असताना मी उपग्रहाचे रंगीत चित्र पाहिले. डोंगरांवर गडद रंग नव्हता, म्हणजे उंच ढग नव्हते. वरिष्ठांनी तरीही परवानगी दिली नाही आणि कारण विचारले तेव्हा 'इन्फ्रारेड आहे ते' एवढेच म्हणाले. ते मला नीट समजले नाही.

उत्तर : वरिष्ठांचे उत्तर तुटक असले तरी बरोबर आहे. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस या आपल्या उपग्रहांकडून येणारी चित्रे वेगवेगळ्या पट्ट्यांतील असतात. इन्फ्रारेड चित्र तापमान मोजते : उंच ढगाचा माथा थंड, म्हणून ठळक, जमीन उबदार, म्हणून काळपट. डोंगरमाथ्यावर टेकलेला पावसाळी ढग जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवरच असल्याने त्याचे तापमान जमिनीहून फारसे वेगळे नसते, आणि त्यामुळे तो या चित्रात जवळपास लपून जातो. आपल्यासारख्या ४,००० ते ५,००० फुटांवरून जाणाऱ्याला अडवणारा ढग मात्र नेमका तोच असतो. उलट, ४०,००० फुटांवरचा विरळ तंतूढग, ज्याचा आपल्याला काडीचाही उपद्रव नाही, तो लालभडक रंगवलेला दिसतो.

दिवसा दृश्य पट्टीतील चित्र पाहावे. ते सूर्यप्रकाशात काढलेल्या छायाचित्रासारखेच असते, त्यात सखल ढग पांढरेशुभ्र दिसतात, आणि त्याचा तपशीलही बारीक असतो : एक किलोमीटरपर्यंतचा, तर इन्फ्रारेडचा चार किलोमीटरचा. हवामान विभागाच्या 'रॅपिड' या दालनात दोन्ही चित्रे एकापाठोपाठ बदलून पाहता येतात आणि एखाद्या जागेवर बोट ठेवून तिथले तापमानही वाचता येते. दृश्य चित्रात जे पांढरे आणि इन्फ्रारेडमध्ये जे काळपट, ते सखल ढग, ही खूण लक्षात ठेवावी. अडचण अशी की, पहाटे निघायचे असते तेव्हा दृश्य चित्र काळेच असते. अशा वेळी सूर्य वर येईपर्यंत थांबण्याला पर्याय नाही, आणि पावसाळ्यात त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

आता आकड्यांनी पाहू. मेटारमधील ढगाची उंची त्या विमानतळाच्या पृष्ठभागापासून मोजलेली असते. संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. तिथल्या मेटारमध्ये १,५०० फुटांवर 'ब्रोकन' म्हणजे निम्म्याहून अधिक आभाळ व्यापणारे ढग असतील, तर ढगाचा तळ समुद्रसपाटीपासून ३,४०० फुटांवर आला. वाटेतल्या अजिंठा रांगेचे काही माथे ३,००० फुटांच्या आसपास आहेत. म्हणजे माथा आणि ढग यांच्यात उरले ४०० फूट, तेही ढगाचा तळ सगळीकडे सारखा आहे असे धरून. प्रत्यक्षात दमट वारा डोंगरावर चढताना तळ आणखी खाली येतो. ढगापासून उभे १,००० फूट राखण्याचा नेहमीचा दंडक पाळायचा तर मार्गच उरत नाही. गंमत अशी की, दोन्ही टोकांच्या विमानतळांवर त्या वेळी व्हीएफआरने, म्हणजे डोळ्यांनी बाहेर पाहून उडण्याच्या नियमांनी, उडता येण्याजोगे हवामान असू शकते. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढणाऱ्या मोटारचालकांना पावसाळ्यात धुक्यात दिवे लावावे लागतात; त्यांना धुके वाटते तो हाच ढग. घाटातल्या एखाद्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला फोन करून 'वर मोकळे आहे का' असे विचारणारे जुने वैमानिक मला ठाऊक आहेत. ती पद्धत अधिकृत नाही, पण निरीक्षण ते निरीक्षणच.

प्रश्न (रावेर) : मी केळी उत्पादक आहे. मुलगी वैमानिकाचे शिक्षण घेते. मे महिन्यात तिचे उड्डाण सकाळी दहानंतर ठेवतच नाहीत, आणि आभाळात ढगाचा पुंजका नसतानाही दुपारची उड्डाणे रद्द होतात. विचारले की ती मोबाइलवर दोन वाकड्या रेषांचा आलेख दाखवते. त्यात काय असते?

उत्तर : त्या आलेखाला टेफीग्राम म्हणतात, काही ठिकाणी त्याच्याच भावंडाला स्क्यू-टी म्हणतात. मुंबई, नागपूर, भोपाळ अशा ठिकाणांहून पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास फुगा सोडतात आणि तो वर जाताना हवेचे तापमान आणि दवबिंदू कळवत जातो. उजवीकडची रेषा तापमानाची, डावीकडची दवबिंदूची. दोन्ही रेषा जवळ आल्या की त्या उंचीवर हवा दमट आहे आणि ढग होऊ शकतो. त्या दूर असल्या की हवा कोरडी. प्रारूपावरून काढलेला असाच आलेख विंडीवरही कोणत्याही गावासाठी मिळतो. नकाशावर बोट दाबून धरले की 'साउंडिंग' असा पर्याय येतो.

मे महिन्यातल्या आपल्याकडच्या दुपारचा आलेख पाहिला तर खाली दोन्ही रेषा एकमेकींपासून खूप लांब असतात आणि वर जाता जाता जवळ येतात, म्हणजे उलट्या 'व्ही'सारखा आकार होतो. जमिनीवर तापमान ४३ अंश आणि दवबिंदू १३ अंश असेल तर दोहोंत ३० अंशांचा फरक. दर अंशाला सुमारे ४०० फूट या ठोकताळ्याने ढगाचा तळ १२,००० फुटांवर निघतो. एवढ्या उंचावरच्या ढगातून पडणारी सर खालच्या कोरड्या हवेत विरून जाते, जमिनीवर थेंबही पोहोचत नाही. पण पाण्याची वाफ होताना हवा थंड आणि जड होते, आणि ती थंड हवा धाडकन खाली कोसळून जमिनीवर चहूकडे फुटते. आपल्या केळीच्या बागा एका दिशेने आडव्या करणारे ते वादळ पुष्कळदा असेच असते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. उतरत असलेल्या लहान विमानाला आधी समोरून वारा मिळतो, मग एकाएकी मागून; वेग घटतो आणि सावरायला उंची उरलेली नसते. वर ढग आहे एवढ्याने भ्यायचे कारण नाही; उलटा 'व्ही' आणि वर ढग, हे दोन्ही एकत्र दिसले की प्रशिक्षक उड्डाणे थांबवतात.

ढग मुळीच नसतानाही दुपार टाळण्याचे कारण वेगळे आहे. हवा तापली की ती विरळ होते. ८०० फूट उंचीच्या धावपट्टीवर ४४ अंश तापमान असेल तर विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी साडेचार ते पाच हजार फुटांवर असल्यासारखी वागते. धाव लांबते, चढ मंदावतो, इंजिनाची शक्ती कमी पडते. शिवाय तापलेल्या रानातून उठणारे हवेचे लोट आणि वावटळी विमानाला सारखे हेलकावे देतात, आणि शिकणाऱ्याचे सारे लक्ष विमान सरळ ठेवण्यातच जाते. मुलीचे शिक्षक योग्य तेच करीत आहेत.

प्रश्न (भुसावळ) : एका परदेशी ॲपमध्ये विमानतळांवर हिरवे, निळे, लाल, जांभळे ठिपके असतात. डिसेंबरच्या सकाळी डोक्यावर स्वच्छ निळे आकाश असताना आसपासचे ठिपके निळे किंवा लाल का दिसतात?

उत्तर : ते रंग अमेरिकेच्या वर्गवारीचे आहेत. हिरवा म्हणजे ढगाचा तळ ३,००० फुटांच्या वर आणि दृश्यमानता ५ मैलांहून, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरहून अधिक. निळा म्हणजे त्याखाली, ३ मैलांपर्यंत. त्याच्याही खाली लाल आणि मग जांभळा. आपल्याकडे व्हीएफआरसाठी दृश्यमानतेची मर्यादा ५ किलोमीटर आहे, तेव्हा ६,००० मीटर दृश्यमानतेचा ठिपका निळा दिसला तरी नियमाने उडता येते. ४,००० मीटरला तो लाल होतो, आणि तिथे नियमही नाहीच म्हणतो. हिवाळ्यात तापीच्या खोऱ्यात सकाळी थंड हवा तळाशी साचते, वर उबदार हवेचे झाकण बसते, आणि त्याखाली धूर व धूळ अडकून राहते. वर पाहिले तर निळे, समोर पाहिले तर दुधाळ. मेटारमधली दृश्यमानता जमिनीवरून आडवी मोजलेली असते. कोवळ्या उन्हाकडे तोंड करून वरून तिरके खाली पाहताना धावपट्टी त्याहून बरीच उशिरा दिसते, आणि हे कोणत्याही रंगात येत नाही. अशा सकाळी पूर्वेकडे तोंड करून उतरायचे असेल तर तासभर उशिरा निघावे.

प्रश्न (नंदुरबार) : अमेरिकेत खासगी वैमानिकांसाठी सगळे एकाच नकाशावर मिळते असे ऐकतो. आपल्याकडे तसे काही आहे का? नसेल तर मेट ऑफिसला फोन करणे अजूनही आवश्यक आहे का?

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या मुख्य भूमीसाठीचा जुना शब्दबद्ध क्षेत्रीय अंदाज बंद करून त्याऐवजी नकाशावरचे साधन आणले. त्यात ढग, दृश्यमानता, वारा, बर्फ धरण्याची शक्यता हे सारे वेळ आणि उंची सरकवून पाहता येते. आपल्याकडे हवामान विभागाच्या ऑनलाइन ब्रीफिंग व्यवस्थेत मेटार, टाफ, सिग्मेट (धोकादायक हवामानाचे इशारे) आणि नकाशे एकत्र मिळतात, पण लहान विमानाच्या उंचीचे तसे सलग चित्र त्यात नाही.

तिथे मिळणाऱ्या एका नकाशाबद्दल विशेष सावध राहायला हवे. लंडन आणि वॉशिंग्टन येथील जागतिक केंद्रे जो महत्त्वाच्या हवामानाचा नकाशा काढतात, त्याची खालची मर्यादा १०,००० फूट असते, आणि उंच स्तराच्या नकाशाची तर २५,००० फूट. तो प्रवासी जेट विमानांसाठी आहे. तो कोपऱ्यातला आकडा न वाचता 'आपल्या मार्गावर काही नाही' असे म्हणणारा प्रशिक्षणार्थी दर तुकडीत एक तरी असतो. आपण ४,५०० फुटांवरून जाणार असाल तर तो नकाशा आपल्याविषयी काही बोलतच नाही. सिग्मेट मात्र अवश्य नकाशावर उतरवून पाहावे. त्यातले अक्षांश-रेखांश वाचून आपल्या मार्गाला ते क्षेत्र छेदते की नाही, हे मनात जुळवणे कठीण असते, आणि इथे चित्राचा खरा फायदा आहे. ते साधारणतः चार तासांसाठीच वैध असते, म्हणून त्याची वेळ तपासावी.

फोनबद्दल माझे मत स्पष्ट आहे : करावा, पण नकाशे पाहून झाल्यावर. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही वैमानिकाने आधी स्वतः माहिती पाहावी आणि राहिलेल्या शंका घेऊन मग ब्रीफिंग देणाऱ्याशी बोलावे, असाच क्रम सुचवला आहे. आपल्याकडे एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) हे क्रमांक घेण्यासाठी दूरध्वनी होतोच. त्याच्या आधी मेट ऑफिसशी पाच मिनिटे बोलण्यात काही जात नाही. 'हवामान कसे आहे' असे मोघम विचारले तर 'ठीक आहे' असेच उत्तर मिळेल. त्याऐवजी नेमके विचारावे : पहाटेच्या टेफीग्रामवरून दुपारी कितीच्या पुढे ढग वाढतील असे वाटते? सुरत आणि इंदूरच्या मेटारमध्ये दाबात इतका फरक का दिसतो? घाटमाथ्यावरचा सखल ढग काल किती वाजता उचलला होता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही. रोज तेच आभाळ पाहणाऱ्या माणसाकडे मिळते. ते उत्तर बोलण्याच्या वेळेसह, जागतिक प्रमाणवेळेत, नॅव्हिगेशन लॉगवर लिहावे आणि शेजारीच पुढचा मेटार किती वाजता येणार आहे, तेही लिहून ठेवावे. निघायला उशीर झाला आणि ती वेळ उलटून गेली, तर नवा मेटार पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.